ठेका, ओळख आणि आडनाव: कामाच्या ठिकाणच्या भेदभावाचा आढावा

ताथवडे २००९ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. तोवर गावाची ओळख शेतीची आणि पशुसंवर्धन खात्याच्या वळूमाता प्रक्षेत्राची. आता महामार्गाच्या दोन्ही अंगांना अभियांत्रिकी आणि व्यवस्थापनाची महाविद्यालयं, वसतिगृहं, उंच सोसायट्या आणि त्यांच्या अधल्यामधल्या जागेत भाड्याच्या खोल्या. हिंजवडीला जाणारा प्रोग्रॅमर, चाकणच्या लाइनवर उभा राहणारा कंत्राटी मुलगा, सोसायटीच्या गेटवर बारा तासांची पाळी करणारा आसामचा सुरक्षारक्षक आणि जिने पुसणारी लातूर-नांदेडकडची बाई ही सगळी माणसं इथे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर राहतात. या पट्ट्यातल्या कामाच्या जागी जात, प्रांत, वंश आणि धर्म यांवरून होणारा भेदभाव कसा चालतो आणि तो मोडायला आजवर काय झालं, याचा हा आढावा.

माझं म्हणणं आधीच सांगतो. इथला भेदभाव शिवीतून जितका दिसतो त्याहून कितीतरी जास्त तो वाटपात असतो. भरतीची खबर कुणाला लागते, कोणतं काम कुणाच्या वाट्याला येतं, कुणाला पर्मनंट करायचं, कुणाची तक्रार लिहून घ्यायची, हे सगळं ज्याच्या हातात आहे तिथे तो राहतो. शिवीवर पोस्टर लावता येतं, प्रशिक्षणाचं सत्र घेता येतं. वाटपाला हात घालायचा तर ते ज्याच्या हातात आहे त्याच्याकडून थोडं काढून घ्यावं लागतं, आणि तिथेच बहुतेक कंपन्या थांबतात.

मराठी समाजाला हा प्रश्न परका नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या लोकांना, त्यांनी काळ्या माणसांची गुलामी संपवली म्हणून. अमेरिकेतला वर्णभेद आणि इथली जात एकमेकांशेजारी ठेवून पाहण्याची सुरुवात पुण्यात झाली, तीही दीडशे वर्षांपूर्वी. १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्युबॉइस यांना पत्र लिहिलं, १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नावासकट प्रेरणा तिथल्या ब्लॅक पँथर्सची होती. जात म्हणजे वंश का, हा वाद मात्र वेगळा. मालवणात जन्मलेल्या गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात ब्रिटिश अधिकारी रिस्ले यांचा, नाकाच्या मोजमापावरून जातीला वंश ठरवणारा, सिद्धान्त तपासला. आंबेडकरांनी १९३६ साली जातीला वांशिक पाया नाही असं स्पष्टच मांडलं. २००१ साली डर्बनच्या जागतिक परिषदेत भारत सरकारने जातीचा विषय चर्चेत येऊ नये म्हणून जोर लावला, तेव्हा आधार जात आणि वंश यांतल्या याच फरकाचा घेतला गेला. शास्त्र म्हणून फरक खरा आहे. पण नोकरी मागायला आलेल्या माणसाला जन्मावरून परत पाठवलं जातं तेव्हा त्याचं नुकसान दोन्हीकडे सारखंच होतं, आणि कामाच्या जागेचा विचार करताना मला ही बाब जास्त वजनाची वाटते.

कारखान्यातल्या जातीचा सगळ्यात ठळक दाखला मुंबईच्या कापड गिरण्यांचा. विणकाम खात्यात, म्हणजे साच्यावर, पगार जास्त. तिथे दलित कामगारांना प्रवेश नव्हता, कारण धोट्यातला (शटलमधला) धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याच्या हातात जाई. १९२८ च्या मोठ्या संपाच्या काळात आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. कामगारांच्या एकीची भाषा बोलणाऱ्या चळवळीलाही तो अडचणीचा वाटत होता. मालकाने कागदावर बंदी घातलेली नव्हती. ती शेजारच्या साच्यावरचा माणूस घालत होता आणि मालक ती चालवून घेत होता. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेच्या दलित कामगारांपुढे बोलताना आंबेडकरांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. त्याच भाषणात त्यांनी गँगमन म्हणून आयुष्य काढणाऱ्यांचं दुखणंही मांडलं: पोर्टरची जागासुद्धा त्यांना मिळत नाही, कारण स्टेशनमास्तर पोर्टरला घरकामाला लावतो आणि घरात त्याला अस्पृश्य चालत नाही. बढतीची पहिली पायरी दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात अडलेली होती.

कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांची गोष्टही कामाच्या जागेचीच. राजवाड्यावर नोकरीत असताना पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना सहकाऱ्यांनी मारलं. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, कांबळ्यांना हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः तिथे चहा घेतला, सोबतच्यांनाही घ्यायला लावला. चहाचा प्रसंग सगळ्यांना ठाऊक असतो. आधीची शिक्षा आणि नंतरचं भांडवल बहुतेक सांगणाऱ्यांच्या तोंडून गळून जातं. १९०२ साली ५० टक्के जागा राखून ठेवणारा राजा फक्त चहा पिऊन थांबला नव्हता. ताथवड्यात राजर्षी शाहूंच्या नावाचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथून बाहेर पडून नोकरी शोधणाऱ्या मुलामुलींना शाहूंच्या कामाचा हा भाग माहीत असायला हवा.

गिरण्यांमधून आजच्या चाकणपर्यंत थेट चालत आलेली गोष्ट म्हणजे मध्यस्थ. तेव्हा त्याला जॉबर किंवा मुकादम म्हणत. माणसं तोच आणी, गावची, नात्यातली, जातीतली. बदलीवर कुणाला घ्यायचं तेही तोच ठरवी. १९३५ साली मुंबईच्या गिरणी मालकांनी बदली कामगारांच्या नोंदणीची पद्धत आणली, त्यात जॉबरची पकड सैल करणं हा मोठा हेतू होता. आज चाकण, महाळुंगे, निघोजे, खराबवाडीतल्या कारखान्यांत गेटच्या आतली बरीचशी माणसं लेबर कॉन्ट्रॅक्टरच्या हजेरीपटावर असतात. ठेकेदार बदलला की पटावरचं नाव बदलतं, माणूस त्याच मशीनवर राहतो.

हे ठेके कुणाकडे गेले हे पाहिल्याशिवाय इथली जात कळत नाही. एमआयडीसीने जमिनी घेतल्या, मोबदला दिला, आणि जमीन गेलेल्या घरांकडे पुढे मजूर पुरवठा, वाहतूक, भंगार, कँटीन, पाण्याचे टँकर अशी कामं आली. त्यांचा हक्क मी नाकारत नाही. पिढ्यान् पिढ्यांची शेती गेली तिथे काहीतरी मिळायलाच हवं होतं. पण त्याच गावच्या कडेला राहणाऱ्या भूमिहीनांकडे द्यायला जमीनच नव्हती, किंवा होती ती थोडकी वतनाची. प्रकल्पग्रस्त म्हणून त्यांचं नाव कुठे लागलं नाही, म्हणून ठेकाही नाही. गावातली जमिनीची उतरंड अशी कारखान्याच्या गेटमधून आत गेली: ज्याच्याकडे शेत होतं तो ठेकेदार, ज्याच्याकडे नव्हतं तो त्याच्या पटावरचा हजेरीचा माणूस किंवा हाऊसकीपिंगला. झाडलोट, संडास सफाई, ड्रेनेज ही कामं कोणत्या समाजांतली माणसं करतात हे महापालिकेच्या आरोग्य खात्यात जसं दिसतं तसंच चकचकीत कंपनीतही दिसतं. तिथे गणवेशावर कंपनीचं बोधचिन्ह असतं, एवढंच.

संशोधन काय सांगतं? सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या विषयाचा पाया आहे. वर्तमानपत्रांतल्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले गेले. पात्रता सारखी, फक्त नाव वेगळं: उच्चजातीय हिंदू, दलित किंवा मुस्लिम. उच्चजातीय नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता दोन तृतीयांशच्या आसपास, मुस्लिम नावाला एक तृतीयांश. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातल्या २५ एचआर व्यवस्थापकांच्या मुलाखती छापल्या. जात विचारत नाही, असं बहुतेकांनी ठामपणे सांगितलं. ‘फॅमिली बॅकग्राउंड’ मात्र जवळजवळ सगळेच विचारत होते. वडील काय करतात, घर कुठे, भावंडं किती शिकली. इथे पुण्याकडे हाच प्रश्न ‘मूळ गाव कोणतं?’ आणि ‘आडनाव काय म्हणालात?’ असा येतो. विचारणाऱ्याच्या मनात काही नसेलही. ऐकणाऱ्याला मात्र उत्तर देता देता आपण कुठल्या खणात पडलो ते समजतं.

उलट जाणारा पुरावाही आहे आणि तो दडवण्यात अर्थ नाही. अभिजित बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी २००९ साली दिल्लीतला असाच प्रयोग मांडला. सॉफ्टवेअरच्या जागांसाठी जातीवरून म्हणावा असा फरक त्यांना आढळला नाही. कॉल सेंटरच्या जागांना आढळला. मला यातून असं दिसतं की कौशल्य कागदावर नीट मोजता येतं तिथे नावाचा जोर कमी पडतो, आणि बोलणं, वागणं, ‘फिट’ होणं अशा सैल कसोट्या असतात तिथे तो वाढतो. हिंजवडीतल्या कोडिंग चाचणीत आडनावाला वाव कमी. पण टीम लीड कुणाला करायचं, परदेशी प्रोजेक्टवर कुणाला पाठवायचं, हे चाचणीने ठरत नाही. वर जाताना चाळणी किती बारीक होते याचा आकडाही आहे: २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अजित, डॉन्कर आणि सक्सेना यांच्या पाहणीत देशातल्या १,००० मोठ्या कंपन्यांच्या संचालकांपैकी जवळपास ९३ टक्के उच्चजातीय होते, अनुसूचित जाती-जमातींचे मिळून ३.५ टक्के.

आता प्रांत आणि चेहरा. फेब्रुवारी २००८ मध्ये उत्तर भारतीयांविरुद्धच्या आंदोलनानंतर पुणे आणि नाशिकच्या औद्योगिक भागांतून मजूर गावी पळाले. ऑगस्ट २०१२ मध्ये आसामातल्या हिंसाचारानंतर पुण्यात ईशान्येकडच्या तरुणांवर हल्ले झाले, अफवा उठल्या आणि पुणे, बंगळूर, चेन्नईहून गाड्या भरभरून माणसं परत गेली. वाकड-हिंजवडीच्या हॉटेलांत, पार्लरमध्ये, सुरक्षेच्या कामावर असलेल्या मणिपूर-नागालँड-आसामच्या मुलामुलींना ‘चिंकी’, ‘मोमो’, ‘ए नेपाळी’ ही हाक रोजची आहे. बिहार-उत्तर प्रदेशच्या माणसाला ‘भैय्या’, आणि तो शब्द कोणत्या सुरात उच्चारला जातो हे सगळ्यांना ठाऊक असतं. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत निडो तानिया या अरुणाचलच्या विद्यार्थ्याचा मारहाणीनंतर मृत्यू झाला. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने वंशावरून अपमान करण्याविरुद्ध दंडविधानात स्वतंत्र कलमं सुचवली. ती कायद्यात आली नाहीत. नवी न्याय संहिता आली तेव्हाही नाहीत.

मराठी माणूस या गोष्टीत फक्त यजमान नाही. २०२४ साली मुंबईतल्या एका नोकरीच्या जाहिरातीत मराठी उमेदवार नकोत असं उघड लिहिलं गेलं, तेव्हा झालेला संताप रास्त होता. आपल्याच राज्यात आपल्या मुलाला दार बंद झालेलं पाहून जी आग होते, तीच बिहारमधल्या दानापूरहून आलेल्या पोराला चाकणमध्ये होते. आणि मराठीच्या आतही पायऱ्या आहेतच: बीड-परभणीच्या मुलाच्या बोलण्याची नक्कल कँटीनमध्ये होते, आणि ती नक्कल मुलाखतीत ‘कम्युनिकेशन कमी’ असा शेरा होऊन बसते. स्थानिकांना ८० टक्के नोकऱ्यांचा आग्रह आपलं राज्य दशकानुदशकं धरत आलं आहे. माझ्या मते स्थानिकाची बेकारी हा खरा प्रश्न आहे, पण कंत्राटदाराला परगावचा मजूर हवा असतो तो स्वस्त आणि अबोल म्हणून. त्या मजुराला मारून स्थानिकाला पर्मनंट नोकरी मिळाल्याचं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

कायद्याकडे वळलं की एक मोठं भगदाड दिसतं. राज्यघटनेचं सोळावं कलम सरकारी नोकरीपुरतं आहे. खासगी नोकरीत स्त्री म्हणून वेगळं वागवण्याविरुद्ध १९७६ चा समान वेतन कायदा होता, आता वेतन संहिता आहे. अपंगत्वासाठी २०१६ चा कायदा, एचआयव्हीसाठी २०१७ चा, पारलिंगी व्यक्तींसाठी २०१९ चा. जात, धर्म, वंश, जन्मस्थान यांवरून खासगी मालकाने नोकरी नाकारली तर सरळ दाद मागावी असा सर्वसाधारण कायदा नाही. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात अस्पृश्यतेच्या कारणाने नोकरीत अडवणं गुन्हा आहे, पण मुलाखतीत ‘नंतर कळवतो’ म्हणणाऱ्याची अस्पृश्यता फौजदारी खटल्यात सिद्ध कोण करणार? १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा अपमानाला आणि बहिष्काराला लागू होतो. त्यातली अपमानाची कलमं ‘लोकांच्या नजरेसमोर’ घडलेल्या प्रसंगापुरती आहेत. बंद केबिनमधलं बोलणं तिथे निसटतं. शशी थरूर यांनी सर्व प्रकारच्या भेदभावाविरुद्ध एक खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. ते चर्चेविनाच संपलं. आणि हे सगळं असताना भारताने रोजगारातल्या भेदभावाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १११ क्रमांकाचा करार १९६० सालीच मान्य केलेला आहे. त्यात वंश, वर्ण, धर्म, सामाजिक मूळ सगळं आहे.

या कामी वापरात नसलेलं एक हत्यार मात्र आपल्याकडे आहे. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता आणि अनुचित प्रथा प्रतिबंधक कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत, गुणवत्ता न पाहता कामगारांच्या एका गटाला झुकतं माप देणं ही अनुचित प्रथा म्हटली आहे. केंद्राच्या कायद्यातही तसंच कलम आहे. मालकाच्या जवळच्या आणि दूरच्या माणसांच्या बदल्यांत फरक केला की युनियन ते वापरतात. जात किंवा प्रांत पाहून होणारं कामाचं वाटप त्यात बसवायला शब्दांची अडचण नाही, इच्छेची आहे. पिंपरी-चिंचवडच्या युनियनांनी पगारवाढीचे करार मोठ्या ताकदीने करून घेतले. कंत्राटी माणूस मात्र त्या करारांच्या बाहेर राहिला, आणि दलित, आदिवासी, परप्रांतीय कामगार बहुतेक त्याच गटात असल्यामुळे युनियनची एकी त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नाही. १९२८ चा धोटा असा पुन्हा समोर येतो.

उद्योगांनी स्वतः काय केलं? २००६ साली खासगी क्षेत्रात आरक्षणाची चर्चा पेटली तेव्हा जे. जे. इराणी यांच्या अध्यक्षतेखाली उद्योगसंघटनांचं कृतिदल बसलं आणि भारतीय उद्योग महासंघाने (सीआयआय) स्वेच्छेची आचारसंहिता आणली. टाटा समूहाने आपला कार्यक्रम आखला. त्यातून प्रशिक्षण आणि शिष्यवृत्त्या आल्या. कंपनीच्या आत कुठल्या पदावर कोण किती, हे मात्र बाहेरच्याला तपासता येईल अशा रीतीने फारसं मांडलं गेलं नाही. पुण्यातच २००५ साली मिलिंद कांबळे यांनी दलित उद्योजकांचं चेंबर, डिक्की, सुरू केलं. नोकरी मागणाऱ्याऐवजी देणारा होण्याची ती भाषा, आणि २०१२ पासून केंद्राच्या खरेदीत अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांसाठी ठेवलेला ४ टक्के वाटा, यांनी ठेक्याच्या प्रश्नाला थेट हात घातला. चाकणच्या खासगी कंपन्यांनी आपल्या पुरवठादारांच्या यादीत असा वाटा ठेवला तर गावच्या उतरंडीवर त्याचा परिणाम कुठल्याही कार्यशाळेपेक्षा जास्त होईल, असं मला ठामपणे वाटतं.

परदेशातून आलेला दबावही आहे. २०२० साली कॅलिफोर्नियात सिस्को कंपनीवर जातीय भेदभावाचा खटला झाला. त्यातल्या दोन व्यवस्थापकांवरचे आरोप २०२३ मध्ये मागे घेतले गेले. सिअॅटलने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून भेदभावाला बंदी घातली. तो ठराव आणणाऱ्या क्षमा सावंत यांचा जन्म पुण्याचा. कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी तसंच विधेयक त्याच वर्षी नाकारलं. चाकणच्या दृष्टीने जर्मनीचा पुरवठा साखळी कायदा जास्त जवळचा आहे. २०२३ पासून तिथल्या मोठ्या कंपन्यांवर आपल्या पुरवठादारांकडे वांशिक किंवा सामाजिक मूळ पाहून भेदभाव होतो का, यावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी आहे. फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ या दोघांचेही कारखाने चाकणला आहेत आणि सुटे भाग पुरवणाऱ्या लहान-मोठ्या कंपन्या भोवती विखुरलेल्या आहेत. त्या कायद्याची धार अलीकडे बोथट केली जात आहे. तरी पुरवठादाराला पाठवल्या जाणाऱ्या प्रश्नावलीत ‘सामाजिक मूळ’ म्हणजे इथे जात, हे लिहून घेण्याची संधी कामगार संघटनांनी सोडू नये.

वातावरण बदलायचं कसं, यावर फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कालेव यांचा अमेरिकेतला अभ्यास मला सगळ्यात उपयोगी वाटतो. ८०० हून जास्त कंपन्यांची तीन दशकांची माहिती तपासून त्यांनी दाखवलं की सक्तीच्या प्रशिक्षणाने वरच्या जागांवरची माणसं बदलत नाहीत, कधी उलट चीड वाढते. फरक पडला तो मार्गदर्शक नेमल्याने, वेगळ्या ठिकाणांहून भरती केल्याने, आणि निकालाची जबाबदारी ठरावीक माणसांवर टाकल्याने. इथल्या मातीत याचा अर्थ अगदी साधा आहे. जागा निघाली की ती फक्त ‘रेफरल’ने न भरता आयटीआयच्या फलकावर लागावी. पहिल्या चाळणीला अर्जावरचं नाव आणि गाव झाकलेलं असावं. कंत्राटी माणसाला कायम करताना ज्येष्ठतेची यादी गेटवर लावावी. कोणतं काम कुणी किती दिवस केलं याचा पट फिरता असावा, म्हणजे ड्रेनेज एकाच्याच नशिबी राहणार नाही. माथाडी कायद्याने १९६९ साली हेच तत्त्व मांडलं होतं: कामाचं वाटप मुकादमाच्या मर्जीतून काढून नोंदणी आणि मंडळाकडे द्यायचं. आज या पट्ट्यात माथाडीचं नाव खंडणीखोरांनी बदनाम केलं आहे, त्याने मूळ तत्त्व खोटं ठरत नाही.

तक्रारीचंही एक घडलेलं उदाहरण समोर आहे. लैंगिक छळाविरुद्ध १९९७ च्या विशाखा निकालानंतर आणि २०१३ च्या कायद्यानंतर दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती आणि तिच्यावर बाहेरचा सदस्य बंधनकारक झाला. अनेक समित्या कागदावरच आहेत, तरी बाईला कुठे जायचं हे निदान ठाऊक असतं. जातीवरून, चेहऱ्यावरून, धर्मावरून छळ झालेल्या माणसाला आज एचआरकडे जावं लागतं, आणि कंत्राटी असेल तर ज्याने छळलं त्याच ठेकेदाराकडे. समितीचं क्षेत्र वाढवायला कंपनीला कुठल्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही. स्वतःच्या सेवानियमांत एक कलम घालणं पुरेसं आहे, आणि ते कंत्राटदाराच्या माणसांनाही लागू असल्याचं करारात लिहावं. शासनालाही वाव आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये चार श्रम संहिता लागू झाल्या; सेवेच्या स्थायी आदेशांत भेदभावाचं कलम येऊ शकतं. मात्र स्थायी आदेशांची अट जुन्या केंद्रीय कायद्यातल्या १०० कामगारांवरून औद्योगिक संबंध संहितेत ३०० वर गेली आहे. तळवडे, चिखली, भोसरीतली हजारो वर्कशॉप त्याच्या बाहेरच राहतात, आणि सगळ्यात उघडा भेदभाव तिथेच होतो, कारण तिथे मालक, ठेकेदार आणि एचआर एकच माणूस असतो. २०१३ च्या कायद्यात यांतल्या अगदी लहान ठिकाणांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत स्थानिक समिती आहे. दहापेक्षा कमी माणसांच्या वर्कशॉपमधली बाई तिथे जाऊ शकते. त्याच वर्कशॉपमधल्या मातंग फिटरला, नागा मुलीला, मुस्लिम वेल्डरला तशीच समिती देण्यासाठी नवी इमारत लागत नाही, विधानसभेत एक दुरुस्ती लागते. आणि ती मागायला पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या युनियनांपेक्षा मोठा आवाज या राज्यात दुसऱ्या कुणाकडे नाही.